तुरटीचा मोठा स्फटिक घरी कसा वाढवावा

हे काम दिवाळीनंतर हाती घ्या. पहिल्यांदा मी ते मे महिन्यात केलं होतं. आमच्या विदर्भात तेव्हा पारा 45 अंशांच्या घरात असतो आणि बरणी ठेवली होती टिनाच्या खोलीत. पाणी भराभर उडालं, काठावर पांढरी खपली धरली आणि तळाशी साखरेसारखा चुरा बसला. त्यात एकही स्फटिक नावाजण्यासारखा नव्हता.

तुरटी विकत घेताना खडा उजेडात धरा. दाढीनंतर गालावर फिरवतात तसा काचेसारखा पारदर्शक खडा हवा. गढूळ पाणी निवळायला मिळणारी पांढरट-पिवळट ढेकळं बहुधा नुसत्या ॲल्युमिनियम सल्फेटची असतात. त्यांतून आपल्याला हवा तो आठ पैलूंचा स्फटिक मिळत नाही.

स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, 200 मिली पाणी घेऊन त्यात 60 ग्रॅम तुरटीची पूड टाका. मंद आचेवर वाफ दिसेपर्यंत तापवा, पण उकळू नका. पूड पूर्ण विरघळली की स्वच्छ कापडाच्या चार पदरांतून गाळून काचेच्या बरणीत ओता. 50 अंशांना 100 मिली पाण्यात सुमारे 37 ग्रॅम तुरटी मावते, 20 अंशांना मात्र जेमतेम 14. म्हणजे द्रावण तेवढं थंड होईस्तोवर निम्म्याहून जास्त तुरटीला पाण्यात जागाच उरत नाही.

जागा नसली तरी ती लगेच बाहेर पडत नाही. द्रावण काही काळ अतिसंपृक्त, म्हणजे मावते त्याहून जास्त तुरटी धरून, राहतं. तुरटीचे कण एकमेकांना चिकटून पुंजका होतो आणि पुन्हा विरघळून जातो. एवढ्याशा पुंजक्यात बहुतेक कण पृष्ठभागावरच असतात आणि त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी पडतात. ठरावीक आकार ओलांडलेला पुंजकाच टिकतो, मग वाढतो. धूळ, काचेवरचा ओरखडा किंवा सुताचा तंतू मिळाला तर हा उंबरठा ठेंगणा होतो, म्हणून तर गाळून घ्यायचं. द्रावण झटकन थंड झालं तरी एकाच वेळी असंख्य पुंजके उंबरठा ओलांडतात. कपाशीची विरळणी केली नाही तर झाडं दाटतात आणि एकही नीट पोसत नाही, तसंच इथे होतं. जास्तीची तुरटी तेवढीच असते. ती हजार कणांत वाटली जाणार की एकाच्या वाट्याला येणार, हे आपल्या हातात आहे.

म्हणून बरणीवर कागद बांधून ती टोपल्यात कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) भरून त्यात गळ्यापर्यंत पुरा आणि टोपलं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. दोन दिवस हलवू नका. तळाशी खडे दिसतील. त्यांतला चार-पाच मिलिमीटरचा, कडा धारदार असलेला एक निवडा. हे आपलं बीज. ते गळाच्या नायलॉनच्या बारीक दोऱ्याला किंवा लांब केसाला बांधा. सुती दोरा नको, त्याच्या प्रत्येक तंतूवर वेगळे खडे धरतात.

उरलेलं द्रावण गाळून घ्या, त्यात चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम तुरटी टाकून गरम करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. इथे घाई नको. कोमट द्रावणात सोडलेलं बीज विरघळतं आणि हाती नुसता दोरा येतो. आडव्या काडीला दोरा बांधून बीज मधोमध लोंबू द्या आणि बरणी पुन्हा कुटारात ठेवा. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन यांत मोठा फरक असतो. बरणी उघड्यावर राहिली, तर रात्री वाढलेलं दुपारी झिजतं.

बीज सोडल्यावर दहा मिनिटांनी बरणी अलगद उचलून उजेडासमोर धरा. स्फटिकापासून पाण्यात बारीक, थरथरत्या रेषा निघताना दिसतील, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतात तशा. त्या वर जात असतील तर स्फटिक वाढतो आहे: त्याने तुरटी ओढून घेतली, भोवतीचं पाणी हलकं झालं आणि वर चढलं. रेषा खाली उतरत असतील तर तो विरघळतो आहे. लगेच बाहेर काढा आणि द्रावणात आणखी थोडी तुरटी मुरवा. मला या सगळ्या कामात हीच पाच मिनिटं सर्वांत प्रिय आहेत.

दर तीन-चार दिवसांनी स्फटिक बाहेर काढून द्रावण गाळा, तळाचे खडे त्यातच गरम करून विरघळवा, थंड करा आणि तो पुन्हा सोडा. आत दुधाळ डाग दिसले तर वाढ फार वेगाने झाली आणि द्रावणाचे थेंब आत अडकले, असं समजा. मग पुढच्या वेळी तुरटी कमी घाला.

संत्र्याच्या बागेवर फवारायला बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणाऱ्यांच्या घरी मोरचूद असतंच. त्याचे निळे स्फटिक फार देखणे होतात, पण ते विष आहे. मुलांच्या हाती देऊ नका, स्वयंपाकाची भांडी तर अजिबात वापरू नका.

हवा तेवढा वाढला की तुरटीचा स्फटिक पाण्याने न धुता मऊ कापडाने टिपा. तुरटीच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणीच असतं. कोरड्या हवेत ते हळूहळू निघून जातं आणि पैलू पांढुरके पडतात, म्हणून बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.