धुण्याआधी ग्रीस बघा: विमानाच्या चाकांच्या बेअरिंगवर शिकताना

विमानाच्या चाकांच्या वर्कशॉपमध्ये नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. कप (बाहेरची कडी) कशाला म्हणतात, कोन (निमुळते रोलर बसवलेली आतली कडी) कशाला म्हणतात, चाकाला टेपर्ड, म्हणजे निमुळत्या रोलरचं, बेअरिंग का लागतं, हे तुम्ही वर्गात शिकून आला असणार, म्हणून त्यात शिरत नाही. मलाही ते येत होतं. तोंडी परीक्षेत बेअरिंगचे सगळे दोष मी घडाघडा म्हणून दाखवले होते. तरीही कामाला लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच एक खराब बेअरिंग मी 'ठीक' लिहून पुढे पाठवलं. चूक तपासताना झाली असं मला बरेच दिवस वाटत होतं. खरं तर ती आधीच, धुतानाच होऊन गेली होती.

एका छोट्या विमानाचं नोज व्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आलं होतं. विमान कित्येक महिने उघड्यावर बांधून ठेवलेलं होतं. चाक उघडलं, सील काढलं, कोन बाहेर घेतला. सगळं ग्रीसनं माखलेलं. माझ्या डोक्यात एकच होतं, आधी स्वच्छ करू, मग बघू. चिंधीनं ग्रीस पुसलं, चिंधी कचऱ्यात टाकली, कोन सॉल्व्हंटमध्ये (ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवात) बुडवून ब्रशनं घासला, दुसऱ्या स्वच्छ टबात खळबळला, वाळवला. पंधरा मिनिटांत नव्यासारखा चकाकत होता. १० पटीच्या भिंगाखाली एकेक रोलर फिरवून पाहिला. कुठे टवका नाही, निळसर झाक नाही, केज (रोलर जागी धरणारी जाळी) सरळ. कप चाकातच दाबून बसवलेला असतो, त्यावरून कापड फिरवलं, टॉर्च एकदा गोल फिरवला आणि टॅगवर, म्हणजे बेअरिंगसोबतच्या चिठ्ठीवर, 'ठीक' लिहिलं.

आमच्या इन्स्पेक्टर सरांनी टॅगकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ग्रीस कसं होतं गं?"

"जुनं होतं, सर."

"जुनं म्हणजे? रंग कसा होता?"

मला सांगता येईना. मी ते पाहिलंच नव्हतं, फक्त पुसलं होतं.

सरांनी कचऱ्याच्या डब्यातून माझी चिंधी काढली आणि दिव्याखाली उलगडली. आम्ही वापरायचो ते ग्रीस मधाच्या रंगाचं. चिंधीवरचं मात्र विटकरी तपकिरी झालेलं. त्यातलं चिमूटभर त्यांनी पांढऱ्या कापडावर बोटानं पातळ ओढलं, तर गंजाच्या पाण्यासारखा पट्टा उमटला. मग त्यांनी चाक आडवं ठेवलं, दिवा अगदी तिरपा धरला आणि गोल टोकाचा स्क्रायबर (बारीक सळईसारखं हत्यार) माझ्या हातात दिला. "दाबू नकोस. नुसता सरकव." मी कपच्या आतल्या पृष्ठभागावरून तो हळू सरकवला. काही नाही, काही नाही, मग बारीकसं अडखळणं. थोडं पुढे पुन्हा. परत पुढे पुन्हा. दोन रोलरमधलं अंतर जेवढं, बरोबर तेवढ्या अंतरावर. टॉर्च फिरवताना मी हेच पाहिलं होतं, पण पुसट सावल्या म्हणून सोडून दिलं होतं.

याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. नाव तुम्हाला पाठ असेलच, पण ते घडतं कसं हे नीट समजून घ्या, कारण मला ते नुसतं पाठ होतं. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश इंजिनिअरनं १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत मांडली. कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. खरं ब्रिनेलिंग तसंच होतं. विमान जोरात आपटून उतरलं, किंवा बसवताना कुणी हातोडी घातली, की रोलर कपमध्ये रुततात आणि धातू दबून खड्डे पडतात. फॉल्स ब्रिनेलिंगमध्ये आघात नसतोच. विमान एका जागी उभं असतं, वाऱ्यानं डुलत असतं किंवा शेजारची इंजिनं जमीन थरथरवत असतात. रोलर फिरत नाहीत, जागच्या जागी किंचित घासत राहतात. त्या जागेतलं ग्रीस बाजूला सरतं, धातूला धातू लागतो, डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि गंजतात. तो गंजच मग पॉलिश पेपरसारखा आणखी कण काढत जातो. पूर्वी रेल्वेनं पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारी एक मैलही न चालता चाकांची बेअरिंगं खराब होऊन उतरायच्या, ते याच कारणानं.

दोन्हींचे खड्डे रोलरच्याच अंतरावर पडतात, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. भिंगातून खड्ड्याच्या तळाशी बघा. खऱ्या ब्रिनेलिंगमध्ये कारखान्यात ग्राइंडिंग करताना पडलेल्या बारीक रेषा तळाशी तशाच दिसतात, कारण धातू फक्त दबलेला असतो. फॉल्समध्ये त्या झिजून गेलेल्या असतात. पण त्याहून आधीची आणि सोपी खूण ग्रीसमध्ये असते, तो गंजाचा रंग. तीच मी कचऱ्यात टाकली होती. खड्डे अजून भिंगातही नीट दिसत नसतात तेव्हापासून ग्रीस सांगायला लागलेलं असतं.

यात कुठलं झालंय हे ओळखणं फक्त कागदावर लिहिण्यापुरतं नाही. खरं ब्रिनेलिंग निघालं तर विमान जोरात उतरलं होतं का हे विचारावं लागतं, आणि लँडिंग गिअरचं बाकीचंही तपासावं लागतं. फॉल्स निघालं तर विमान किती काळ आणि कसं उभं होतं हे पाहावं लागतं. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच असण्याची शक्यता मोठी. तुम्ही फक्त बेअरिंग बदलून मोकळे झालात तर जे बिघडवत होतं ते तिथेच राहतं.

म्हणून आता माझी पद्धत ठरलेली आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती लावते. चाक उघडल्यावर पाच मिनिटं सॉल्व्हंटच्या टबाकडे जायचं नाही. पांढऱ्या, धागे न सोडणाऱ्या कापडाचे तुकडे घ्यायचे. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचं ग्रीस वेगवेगळ्या तुकड्यावर पातळ ओढायचं आणि दिव्याखाली बघायचं. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, सील बघा, आणि कपवर रोलरच्या अंतरानं करडे-काळे पट्टे आहेत का ते बघा. पुढच्या गंजाची ती पहिली पायरी असते. काळं, घट्ट, जळका वास येणारं असेल तर उष्णता झालीय. मग रोलरच्या टोकांवर निळसर झाक शोधा, ब्रेक बघा, एक्सल नट अति आवळला होता का हे विचारा. तिरप्या उजेडात चमचमणारे कण दिसले तर कुठेतरी टवका उडालाय, तो सापडेपर्यंत उठू नका. बोटाला कचकच लागली तर बाहेरची धूळ आत गेलीय. आणि दोन रंगांच्या रेघा दिसल्या तर आधी कुणीतरी दोन ग्रीस एकत्र केलीत. एवढं टिपून झालं की मगच धुवायचं. कापडाचे तुकडे पिशवीत घालून काम बंद होईपर्यंत टॅगसोबत ठेवायचे.

एक सावधगिरी मात्र हवी. मोबिलग्रीस २८ मुळातच गडद लाल असतं. ते पाहून घाबरू नका. चाकात कुठलं ग्रीस होतं हे जुन्या नोंदीत बघा, ताज्या डब्यातलं थोडंसं शेजारी ओढा आणि दोन्ही रंग ताडून पाहा.

धुण्याबद्दल थोडक्यात. मॅन्युअलमध्ये दिलंय तेच सॉल्व्हंट, पहिला टब मळका, दुसरा स्वच्छ, आणि चाकाचे ब्रेकच्या धुळीनं भरलेले भाग त्यात कधीच नाहीत. शिसं असलेलं पेट्रोल वापरू नका. सीलबंद किंवा शील्ड असलेली बेअरिंगं, जी कंट्रोल सरफेसवर (विमान वळवणाऱ्या हलत्या पृष्ठभागांवर) असतात, ती टबात बुडवायची नाहीत. सॉल्व्हंट आत शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि बाहेरून तुम्हाला काहीच कळत नाही. ती बाहेरून पुसायची, हातानं फिरवून बघायची, खरखर लागली तर बदलायची. वाळवतानाही आत सॉल्व्हंट राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं, तेव्हा घाई नको.

आता एक गोष्ट मी अजिबात गोड शब्दांत सांगणार नाही. हवेच्या झोतानं बेअरिंग फिरवू नका. कधीच नाही. त्या शिट्टीसारख्या आवाजाची गंमत वाटते म्हणून मुलं हे करतात, आणि काही जुनी माणसंही करतात. कोरडे रोलर त्या वेगात एकमेकांना आणि केजला ओरबाडतात. केज फुटली तर रोलर गोळीसारखा सुटतो आणि समोर तुमचा चेहरा असतो. बेअरिंग हातात घट्ट धरा, हवा कोरडी आणि गाळलेली आहे ना बघा, झोत रोलरच्या लांबीच्या दिशेनं मारा. ज्याच्या हातून तो आवाज येतो त्याच्याकडून काही शिकायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, त्याला कितीही वर्षं झालेली असोत.

ग्रीस भरायचं मशीन चांगलं असतं, मी ते रोज वापरते. पण पहिली पन्नासेक बेअरिंगं हातानं भरा. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर ग्रीसचा गोळा घ्या, कोनची मोठ्या व्यासाची बाजू त्यावर दाबत राहा, वरून रोलरच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. पहिल्यांदा ते वरून येतच नाही, कडेनं निसटतं, हात दुखतो. सगळ्यांचं होतं, दोन आठवड्यांत जमतं. हाताला एकदा कळलं की पुढे मशीननं भरलेल्यातली पोकळीही ओळखता येते. कपवर पातळ थर द्या. हब, म्हणजे चाकाचा मधला पोकळ भाग, मात्र ग्रीसनं भरून टाकू नका. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि ब्रेकवर उडतं.

डब्यावरचा स्पेसिफिकेशन नंबर जुळला म्हणजे ग्रीस जुळलं असं समजू नका. एमआयएल-पीआरएफ-२३८२७ या अमेरिकन लष्करी स्पेसिफिकेशनच्या एकाच नंबरात दोन प्रकार येतात. टाइप १ लिथियमसारख्या धातूच्या साबणावर घट्ट केलेलं, टाइप २ विशिष्ट मातीवर. एरोशेल ३३ पहिल्यातलं, एरोशेल ७ दुसऱ्यातलं. एकत्र आली की जाडी बिघडते आणि तेल सुटून वाहायला लागतं. चाकांना बहुधा एमआयएल-पीआरएफ-८१३२२ सांगितलेलं असतं, कारण ते उणे ५४ ते १७७ अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. २३८२७ आणखी थंडीत, उणे ७३ पर्यंत टिकतं, पण वरची मर्यादा १२१, आणि चाकाच्या शेजारी तर ब्रेक तापत असतो. शेवटी मॅन्युअल म्हणेल तेच घालायचं, पण ते का म्हणतं हे माहीत असलं की डबा उचलताना हात थांबतो.

ग्रीसचं काम दुय्यम मानणाऱ्यांना मी ३१ जानेवारी २००० चा अपघात सांगते. अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट २६१, एमडी-८३ विमान. शेपटीचा आडवा पंख (स्टॅबिलायझर) हलवणाऱ्या जॅकस्क्रूच्या, म्हणजे लांब आट्यांच्या स्क्रूच्या, नटाचे आटे झिजून गेले, विमान समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले. वंगण पुरेसं न झाल्यामुळे ती झीज झाली, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. नटातला ग्रीस जायचा मार्गच सुकलेल्या ग्रीसनं बंद झालेला सापडला. ते बेअरिंग नव्हतं, पण काम तेच, ग्रीस गन आणि निपल (ग्रीस आत सोडायचं तोंड). म्हणून निपलला गन लावली की नवं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येताना डोळ्यांनी बघा, आणि आधी बाहेर येणारं जुनंही बघा.

शिकवणाऱ्यांबद्दलही सांगते. 'झालं का?' विचारणारे पुष्कळ भेटतील, 'काय दिसलं?' विचारणारा एखादाच. त्याला धरून राहा, तो रागावला तरी. माझ्या सरांनी त्या दिवशी आवाजही चढवला नाही. तो कप आणि कोन दोन्ही बाद केले आणि मला त्यांचा डबा दाखवला. बाद झालेल्या बेअरिंगांचा, प्रत्येकावर लाल रंग मारलेला, म्हणजे चुकूनही परत वापरात जायला नको. एकेकाला दोषाचं नाव लावलेलं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्यातलं एक उचलून भिंगाखाली बघ म्हणाले. तुमच्याकडे असा डबा नसेल तर मागून घ्या किंवा स्वतः सुरू करा. सुरुवातीला प्रत्येक डाग गंज वाटतो आणि प्रत्येक गंज डाग वाटतो. मला पाचव्या महिन्यापर्यंत तसंच वाटत होतं. मग एक दिवस न सांगता फरक दिसायला लागला. शंका आली तर बाद करा किंवा विचारा, त्यासाठी कुणी तुम्हाला कमी लेखत असेल तर लेखू द्या.

धुतलेल्या बेअरिंगला उघड्या हातानं शिवू नका. घामानं एका रात्रीत बोटाचा ठसा गंजून उमटतो. त्याच दिवशी बसवायचं नसेल तर तेलाचा किंवा ग्रीसचा थर द्या, मेणकागदात गुंडाळा. कप आणि कोनची जोडी मोडू नका, डावं-उजवं टॅगवर लिहा. टॅगवर मी अजूनही पहिल्या ओळीत ग्रीसबद्दल लिहिते: रंग, वास, कण, पाणी. बेअरिंगबद्दल जे काही असेल ते दुसऱ्या ओळीपासून.