नागपूरहून निघताय? नोकरी जाण्याचा हिशोब आधी मांडा

दर डिसेंबरला मी जर्मनीहून नागपूरला घरी येतो. तिकडे सिव्हिल लाइन्सला अधिवेशन आणि मोर्चे, इकडे महालातल्या आमच्या घरी परदेशी निघालेले पोट्टे. तर्री-पोह्याची प्लेट हातात आली की प्रश्न ठरलेला: "दादा, तिकडे बेरोजगारी किती आहे?"

या आकड्याने तुम्हाला काही कळणार नाही. आपल्या श्रमबल सर्वेक्षणात 2023-24 चा दर 3.2 टक्के होता, स्पेनचा 2013 साली 26 च्या आसपास. म्हणून काय आपण सुखी? इथे रिकामं बसणं परवडतं कुणाला! एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली, आज त्या जागी मॉल आहे. गिरणी सुटलेला माणूस ऑटो चालवू लागला, नाहीतर मेहुण्याच्या दुकानात फुकट राबू लागला, तरी मोजणीत तो कामावरच.

विचारायचं ते हे: नोकरी गेली तर त्या देशात किती दिवस राहू देतील, आणि तोवर खर्च कोण देईल?

अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर जास्तीत जास्त 60 दिवस. दुबईला 2023 पासून नोकरी गमावल्याचा विमा सक्तीचा आहे: मूळ पगाराच्या 60 टक्के, तेही तीनच महिने. आणि मूळ पगार म्हणजे भत्ते सोडून. कित्येकांच्या पगारात भत्तेच जास्त असतात, तेव्हा सही करण्याआधी तो आकडा बघा.

जर्मनीत बेरोजगारी भत्ता चांगला आहे: हातात येणाऱ्या पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. पण त्यासाठी मागच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने बेरोजगारी विम्याची वर्गणी भरलेली लागते. नवा माणूस नेमका इथेच अडकतो. मी अडकलो. सप्टेंबर 2008 मध्ये पोचलो, जानेवारीत मंदीने गाठलं. कंपन्या माणसं काढण्याऐवजी कामाचे तास कमी करत होत्या आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भार सरकार उचलत होतं, म्हणून जुन्या लोकांच्या नोकऱ्या टिकल्या, देशाचा बेरोजगारीचा दर फारसा हलला नाही. मी मात्र प्रोबेशनवर. दोन आठवड्यांची नोटीस, भत्ता शून्य, खोलीचं भाडं मात्र एक तारखेला हजर.

आईला सहा आठवडे सांगितलं नाही. इथे नोकरी गेली तर निदान वरण-भात आणि डोक्यावर छप्पर कुठे जात नाही. तिकडे तेच आधी जातं. तीन महिन्यांचं भाडं वेगळं ठेवा, आणि त्यातून घरी पैसे पाठवू नका, कुणी कितीही फोन केले तरी.

जर्मनीत नोटीस मिळाली की तीन दिवसांच्या आत रोजगार कार्यालयात नोंद करा. राहण्याचा परवाना त्या नोकरीवर असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवा. कंपनी गोड बोलून 'परस्पर संमतीने' सोडल्याचा कागद पुढे करेल. त्यावर लगेच सही करू नका, भत्ता 12 आठवडे अडकू शकतो.

31 तारखेपर्यंत मी इथेच आहे. करार घेऊन या, प्रोबेशनचं पान आधी वाचू.