टेनपिन बोलिंग: बॉल हुक करायचा की सरळ टाकायचा?

मी बोलिंग शिकवते, आणि नवीन माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'बॉल वळवायचा कसा?' असं विचारतोच. माझं उत्तर ठरलेलं असतं: फ्रेममधला, म्हणजे दोन बॉलच्या एका पाळीतला, कितवा बॉल हातात आहे ते आधी बघा. पहिला असेल, दहाही पिना उभ्या असतील, तर हुकचा, म्हणजे बॉल वळवण्याचा, विचार करा. दुसरा असेल आणि समोर एखाद-दुसरी पिन उरली असेल, तर सरळ टाका. आणि सरळ बॉलच अजून ठरवलेल्या जागेवरून जात नसेल, तर सध्या दोन्ही बॉल सरळ.

हुकची गरज मुळात का पडते, ते समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट अंतर असतं. लेनची रुंदी साडेएकेचाळीस इंच, म्हणजे ३९ अरुंद फळ्या. पिनांचे नंबर सगळ्यात पुढच्या पिनेपासून मागे, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे मोजतात. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बॉल न्यायचा असतो तो १ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या फटीत. हेच पॉकेट. डावखुऱ्यांचं पॉकेट १ आणि २ च्या मध्ये असतं, त्यांनी इथल्या सगळ्या दिशा उलट करून वाचाव्यात. नेमका स्ट्राइक बसतो, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडतात, तेव्हा बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. १ नंबरची २ ला, २ ची ४ ला, ४ ची ७ ला. दुसऱ्या बाजूला ३ ची ६ ला आणि ६ ची १० ला. मध्ये ५ ची ८ ला. हे जमायचं तर पहिल्या धडकेनंतरही बॉलमध्ये ५ पर्यंत जाण्याचा जोर आणि दिशा दोन्ही उरायला हवं. सरळ बॉल लेनच्या अगदी कडेवरून तिरका सोडला तरी पॉकेटमध्ये शिरताना त्याचा कोन साधारण दीड अंशाच्या वर जात नाही. मग पहिली पिन त्याला उजवीकडे ढकलते आणि ५ नंबर जागेवर उभी राहते. हुक केलेला बॉल चार-सहा अंशांनी आत येतो आणि धडकेनंतरही आतच चालत राहतो. हुकचा खरा फायदा तो हाच.

आता दुसरी बाजू. समजा एका खेळाडूला अख्ख्या गेममध्ये एकही स्ट्राइक मिळाला नाही. प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलमध्ये ९ पिना, दुसऱ्यात उरलेली एक (हाच स्पेअर), आणि शेवटच्या जादा बॉलला परत ९. स्पेअरचे जादा गुण धरून त्याचा स्कोअर होतो १९०. दुसऱ्याने एक फ्रेम स्ट्राइक, पुढची फ्रेम ९ आणि स्पेअर चुकलेला, असं आलटून पालटून खेळलं. पाच स्ट्राइक मारूनही त्याचे होतात १४०. कागदावर मांडून बघा. म्हणून मी आधी स्पेअर शिकवते, आणि स्पेअर म्हणजे सरळ बॉल. ज्याच्या हातात सरळ बॉल नाही, त्याला हुक शिकवायला मी तयार होत नाही, मग तो कितीही रुसला तरी.

सरळ बॉल म्हणजे मधोमध उभं राहून पहिल्या पिनेच्या नाकावर नेम धरणं, असं बहुतेकांना वाटतं. तसं करू नका. बॉल पहिल्या पिनेवर समोरून आदळला की मधल्या पिना पडतात आणि दोन्ही कडांना एकेक-दोन उरतात. तो स्प्लिट पाडणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याऐवजी उजवीकडे सरका. लेनवर फाउल लाइनपासून १५ फुटांच्या आसपास सात बाण रंगवलेले असतात, दर पाचव्या फळीवर एक. उजवीकडून मोजलं तर दुसरा बाण दहाव्या फळीवर येतो. बॉल फाउल लाइनवर सातव्या-आठव्या फळीवर ठेवा आणि दुसऱ्या बाणावरून जाऊ द्या. तीच रेघ पुढे वाढवली की ६० फुटांवर ती साडेसतराव्या फळीवर, म्हणजे बरोबर पॉकेटवर पोचते. नजर बाणावर ठेवा, पिनांवर नको. पिना ६० फूट लांब आहेत, बाण त्याच्या पाव अंतरावर. जवळच्या खुणेवर नेम धरणं केव्हाही सोपं.

तळहात बॉलच्या मागे राहू द्या. हात खांद्यापासून सरळ मागे जाऊन सरळ पुढे यायला हवा, कोपर बाहेर पडायला नको. बॉल घोट्याशी आला की सोडायचा, आणि सोडून झाल्यावरही हात बाणाच्याच दिशेने वर जाऊ द्यायचा. आणि बॉल झेपेल तेवढा जड घ्या. हलका बॉल पिनांना लागून पटकन बाजूला फेकला जातो, आणि सरळ बॉलला तर ते मुळीच परवडत नाही. पण जड घेतला म्हणून खांदा खाली ओढला जात असेल तर दोन पाउंड कमी करा. मी स्वतः १२ पाउंडांनी खेळते आणि मला त्याहून जड नको असतो.

हुककडे कधी वळायचं? माझी परीक्षा साधी आहे. दहा बॉल दुसऱ्या बाणावर टाका, आणि तुमच्या मागे उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा. दहापैकी सात बॉल बाणावरून किंवा फार तर एक फळी इकडे-तिकडे गेले, तर तुम्ही तयार आहात. पिना किती पडल्या ते मोजायचं नाही. जो माणूस सरळ बॉल एका फळीवर ठेवू शकत नाही, त्याच्या हुकमुळे चूक फक्त मोठी होते, कारण आता दिशा, वेग आणि फिरकी अशा तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. बॉल मनगट पिळल्यामुळे वळतो असं नाही. लेनवर तेल लावलेलं असतं, साधारणपणे पहिल्या ४० फुटांपर्यंत. शेवटचे २० फूट कोरडे. बॉल तेलावर घसरत जातो, कोरड्या भागात त्याला लेनची पकड मिळते, आणि तेव्हा त्याची बाजूची फिरकी त्याला आत खेचते. पकड किती मिळणार हे बॉलच्या सालीवर अवलंबून आहे. सेंटरमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेले बॉल बहुधा कडक प्लास्टिकचे असतात. त्यांना पकडच कमी, त्यामुळे कितीही फिरकी द्या, ते फारसे वळत नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल आले आणि खेळच पालटला, कारण त्यांची साल कोरड्या लेनला घट्ट धरते. तेव्हा सेंटरचा बॉल घेऊन मनगट मुरगळत बसू नका. बॉल वळत नाही म्हणून आणखी जोराने पिळायचं आणि दुखणं ओढवून घ्यायचं, हे मी सारखं बघते आणि प्रत्येक वेळी थांबवते. वरचेवर खेळणार असाल तर आपल्या हाताच्या मापाने छिद्रं पाडलेला रेझिनचा बॉल घ्या आणि मगच हुक शिका. त्यात मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच जातात. सेंटरच्या बॉलमध्ये ती दुसऱ्या पेरापर्यंत रुततात, त्यामुळे बोटांना बॉल उचलायला वावच राहत नाही. अंगठ्याचं छिद्र सैल वाटलं तर आतून चिकटपट्टीचे एक-दोन थर लावा. अंगठ्याने बॉल आवळावा लागत असेल तर तो सुटणार कसा?

कारण सगळी करामत अंगठा आधी सुटण्यात आहे. हात मागून पुढे येताना तळहात बॉलच्या मागे आणि खालीच असतो, अगदी सरळ बॉलसारखा. बॉल घोट्यापाशी आला की अंगठा आपोआप बाहेर पडतो आणि क्षणभर बॉलचं सगळं वजन दोन बोटांवर येतं. तेवढ्या क्षणात बोटं बॉलच्या मागून किंचित बाजूला येतात. घड्याळाच्या भाषेत सहावरून साडेचार-पाचवर, त्याहून पुढे नाही. हात संपतो तो कुणाशी हस्तांदोलन करायला पुढे केल्यासारखा. अंगठा अजून आत असतानाच मनगट फिरवलं तर हात बॉलच्या वरून जातो आणि बॉल जागच्या जागी गरगरत घसरतो; पिनांना नुसता स्पर्श होतो, जोर लागत नाही. सुरुवातीला बॉल सोडण्याआधीची चार पावलं घेऊ नका. फाउल लाइनशी एक गुडघा टेकून बसा आणि जवळून बॉल सोडत राहा, फक्त अंगठ्याकडे लक्ष देऊन.

नीट सुटला की नाही, ते बॉलच सांगतो. परत आलेला बॉल लगेच पुसू नका, दिव्याखाली फिरवून बघा. त्यावर तेलाची एक बारीक गोल रेघ उमटलेली दिसेल. बॉल लेनवर टेकून जिथून फिरला ती ही रेघ. बॉल निव्वळ पुढेच गडगडत गेला असेल तर रेघ बोटांच्या छिद्रांवरून किंवा अगदी शेजारून गेलेली असते, आणि जाताना खट-खट असा आवाजही येतो. उजव्या हाताने दिलेली बाजूची फिरकी बरोबर लागली असेल तर रेघ अंगठ्याच्या आणि बोटांच्या छिद्रांच्या डावीकडे, त्यांना न शिवता गेलेली दिसते. रेघेचं वर्तुळ अगदी लहान झालं असेल तर फिरकी जास्त, गडगडणं कमी. मला वेळ असला की मी प्रत्येक बॉलनंतर हे दाखवते. दहा सूचनांनी होत नाही ते त्या एका रेघेने होतं.

हुक शिकलात की लेनकडे बघायला शिकावं लागतं. मधल्या फळ्यांवर तेल जास्त, कडांना कमी, अशीच बहुतेक ठिकाणी नेहमीची मांडणी असते. म्हणून हुक थोडा उजवीकडे गेला तरी कोरड्या भागाला लागून परत आत येतो. खेळत राहिलं की तेल उडतं, आणि मघाशी पॉकेटला लागणारा बॉल आता पहिल्या पिनेच्या डावीकडे जायला लागतो. तेव्हा हात बदलू नका, पाय बदला. बॉल डावीकडे जातोय तर डावीकडे सरका: पाय दोन फळ्या, नेम एक फळी. उजवीकडे पडतोय तर उजवीकडे. सरळ बॉलला तेलाचा फरक फारसा कळत नाही, म्हणून अनोळखी लेनवरही तो भरवशाचा. वेगही ध्यानात ठेवा. थकल्यावर बॉल हळू जातो आणि जास्त वळतो.

दुसऱ्या बॉलला मात्र ही सगळी अनिश्चितता हवीच कशाला? उजव्या हाताच्या खेळाडूला सगळ्यात छळते ती १० नंबरची पिन, उजव्या कोपऱ्यातली. हुक केलात तर बॉल गटरच्या काठाने न्यावा लागतो आणि नेमका तिथेच तो पिनेपासून दूर वळतो. त्यापेक्षा लेनच्या डावीकडे जा, खांदे त्या कोपऱ्याकडे वळवा, फाउल लाइनवर बॉल पंचविसाव्या-सव्विसाव्या फळीवर ठेवा आणि मधल्या, म्हणजे चौथ्या बाणावरून सरळ सोडा. ती रेघ १० नंबरवरच जाते. तळहात शेवटपर्यंत मागे, मनगट जराही न वळवता. व्यावसायिक खेळाडूही स्पेअरसाठी बहुधा वेगळा प्लास्टिकचा बॉल बाळगतात, तो वळू नये म्हणूनच.

काहींनी पहिला बॉलही सरळच ठेवावा असं मला मनापासून वाटतं. वर्षातून चार वेळा मित्रमंडळींबरोबर खेळणारे, मनगटाचं किंवा अंगठ्याचं दुखणं असलेले, आणि हलका बॉल दोन्ही हातांनी उचलणारी लहान मुलं. यात कमीपणा काहीच नाही. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर हे अमेरिकेच्या पीबीए या व्यावसायिक बोलिंग टूरवरचे ४७ किताब जिंकलेले खेळाडू, आणि ते प्रसिद्ध आहेत इतरांपेक्षा किती तरी सरळ रेघेत खेळण्याबद्दल. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमोंटे, अंगठा न घालता दोन हातांनी टाकतात आणि बॉल प्रचंड फिरवतात. अंगठाच अडत असेल तर तीही वाट आहे, पण शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. कुणाचा बॉल आपसूक उलट्या दिशेला, म्हणजे उजव्या हाताने टाकूनही उजवीकडे वळतो. तो कायम तसाच वळत असेल तर मी सुधारायच्या मागे लागत नाही. डावीकडून १ आणि २ च्या मधल्या पॉकेटवर टाकायला सांगते.

दुसरा बॉल सरळ, या नियमाला मी एक अपवाद करते. एका पिनेच्या बरोबर मागे दुसरी पिन लपलेली असेल, २ च्या मागे ८ किंवा ३ च्या मागे ९, तर सरळ बॉल पुढच्या पिनेला लागून बाजूला जातो आणि मागची उभीच राहते. २-४-५-८ ही चौकडी उरली तरी तेच. अशा वेळी स्ट्राइकचाच बॉल आणि तोच हात वापरा, बाणही तोच ठेवा; २-८ साठी किंवा या चौकडीसाठी पाय फक्त तीन फळ्या उजवीकडे सरकवा.