चहाचं अक्षर हाताला कसं बसवावं

नाशिकच्या भद्रकालीजवळच्या बोळात मी ४० वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. नातीनं जपानी शिकायला घेतलं, तेव्हा तिच्या वहीतलं एक अक्षर मला पाहताक्षणी आवडलं. ते चहाचं निघालं: 茶. जपानीतली ही अक्षरं मूळची चिनी. चिनी अक्षरं शिकणारे बहुतेक जण एक, दोन, तीनच्या आडव्या रेघांपासून सुरुवात करतात. माझं सांगणं वेगळं आहे. पहिलं अक्षर चहाचं घ्या, कारण त्याचा उच्चार तुमच्या तोंडात आधीपासूनच आहे.

चीनमध्ये ते ‘चा’ असं वाचतात. ‘चार’मधला च, ‘चोर’मधला नव्हे. सूर खालून वर न्यायचा. निफाड-सिन्नरकडे दारात आलेल्याला “चा?” विचारताना आवाज चढतो ना, अगदी तसा.

गणिताची चौकटींची वही घ्या आणि ४ सेंटिमीटरचा एक चौकोन आखून त्याचे मधोमध चार भाग करा. पेनानं सुरुवात करू नका. गोल केसांचा ६ नंबरचा ब्रश आणि काळा पोस्टर कलर पुरतो. रंग दुधापेक्षा थोडा दाट हवा. पातळ झाला तर कागदावर फुटतो, घट्ट झाला तर रेघेचं टोक अडतं.

एकूण फटकारे ९. वरच्या भागात डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ, मग तिला छेदणाऱ्या दोन आखूड उभ्या, आधी डावी. हे गवताचं चिन्ह. वनस्पतींच्या कितीतरी अक्षरांच्या डोक्यावर ते दिसतं. त्याखाली मध्यावरून दोन तिरके फटकारे सोडायचे, आधी डावीकडे, मग उजवीकडे, कौलारू घराच्या पाख्यांसारखे. ते ऐसपैस पसरू द्या, अक्षराचा सगळा डौल तिथेच आहे. पाख्यांखाली एक आडवी रेघ, तिच्या मधून खाली उतरणारी उभी, आणि शेवटी उभीच्या दोन बाजूंना दोन छोटे फटकारे, डावा आधी. आपल्याला शिरोरेषा शेवटी ओढायची सवय असते, म्हणून सुरुवातीला हात घोटाळतो. इथे वरचं आधी, खालचं नंतर, आणि आडवी उभीच्या आधी. हा क्रम सोडू नका. क्रमानं काढलं की वजन आपोआप मधोमध येतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. गंगापूर रोडवरच्या एका चहावाल्यानं पाटीवर हे अक्षर मागितलं. मी पाख्यांखाली एकाऐवजी दोन आडव्या रेघा ओढल्या. नात म्हणाली, “आजोबा, हे चहाचं नाही.” मी ती पाटी पुन्हा रंगवली. पण त्या एका रेघेतच या अक्षराचा सगळा इतिहास आहे. १० फटकाऱ्यांचं ते जुनं अक्षर चीनच्या प्राचीन कवितांत कडू पालेभाजीसाठी येतं. चहाचा पाला कडवट, म्हणून पूर्वी चहाही त्याच अक्षरानं लिहीत. पुढे आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू यानं चहावर ग्रंथ लिहिला आणि साधारण त्याच काळात एक रेघ गळालेलं वेगळं अक्षर चहासाठी रूढ झालं. जुनं अक्षर मात्र मेलं नाही. आपला ‘मंडल’ हा संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेला, तेव्हा तो लिहिताना मधल्या ‘ड’साठी हेच कडू भाजीचं अक्षर वापरलं गेलं. जपानीत आजही ते तिथेच आहे. आमच्याकडच्या त्रिरश्मी या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढताना मला हे हमखास आठवतं.

वाचायला शिकताना एकेक भाषा वेगळी धरा. चीन, तैवान, जपान तिन्हीकडे अक्षर जवळजवळ सारखंच, फक्त तैवानच्या छपाईत गवताची आडवी रेघ मध्ये तुटलेली दिसते. जपानीत त्याचे दोन उच्चार, ‘चा’ आणि ‘सा’. कॉलेज रोडच्या कॅफेत मिळणाऱ्या माचामधला ‘चा’ हाच. त्या शब्दाचा अर्थ दळलेला चहा. चहा-कॉफीच्या जुन्या धर्तीच्या दुकानाला तिकडे ‘किस्सातेन’ म्हणतात, तिथे ‘सा’. तपकिरी रंग म्हणजे ‘चाइरो’, चहाचा रंग. रोजच्या सामान्य गोष्टीला ते ‘चहाभाताची गोष्ट’ म्हणतात, आणि कोरियन लोकही तसंच म्हणतात. कोरियनमध्ये उच्चार ‘चा’ आणि ‘दा’. तिथे रोजचं लिखाण हंगुल लिपीत असल्यानं अक्षर डोळ्यांना कमी दिसतं, कानांना जास्त ऐकू येतं: चहाचं दुकान ‘दाबांग’, जवाचं पेय ‘बोरीचा’. बोरीचात चहाची पत्ती नसते, तरी नाव चहाचंच. व्हिएतनाममध्ये ‘त्रा’ आणि ‘चे’. दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावर मात्र हेच अक्षर ‘ते’ वाचतात. डच व्यापाऱ्यांनी तो उच्चार युरोपात नेला आणि त्यातून इंग्रजीतला ‘टी’ आला. आपला चहा ‘चा’च्या घराण्यातला.

पुड्यावर अक्षर शोधताना एक लक्षात ठेवा. चिनी ‘होंगचा’ म्हणजे शब्दशः लाल चहा, पण तो आपला नेहमीचा काळ्या पत्तीचा चहा. हिरवा हवा असेल तर ‘ल्यूचा’ मागा.

फटकाऱ्यांचा विसर पडू नये म्हणून जपानी लोकांची एक रीत मला फार आवडली. तुटक्या रेघेच्या गवतात दहाचं अक्षर दोनदा दिसतं, म्हणजे २०. खालचा भाग सुटा केला की आठ, दहा, आठ, म्हणजे त्यांच्या लिहिण्यात ८८. बेरीज १०८. म्हणून १०८व्या वाढदिवसाला ते ‘चाजू’, चहाचं वय, म्हणतात. मी जपमाळेसारखं तेच करतो: एका बैठकीत १०८ वेळा अक्षर काढतो. पंचविसाव्या-तिसाव्याला पाखे सैल सुटू लागतात.

आता आम्ही पाण्याचं अक्षर घेतलं आहे. चारच फटकारे, पण मधल्या उभ्या रेघेच्या टोकाचा आकडा अजून मनासारखा वळत नाही.