एक गेम चालला म्हणजे इम्युलेटर झाला, असं नाही: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कॉम्प्युटर सायन्सची पोरं सुट्टीत हौसेनं काही करायचं म्हटलं की चिप-८ चा इम्युलेटर (दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) हाती घेतात. निवड चांगलीच आहे. १९७० च्या दशकात आरसीए कंपनीतल्या जोसेफ वाइजबेकर यांनी केलेली चिप-८ ही साधे गेम लिहायची भाषा. सूचना जेमतेम ३५, मेमरी ४०९६ बाइट, पडदा ६४ बाय ३२. थोड्याच दिवसांत पाँग हा चेंडू-फळीचा गेम हलायला लागतो आणि गडी ग्रुपवर व्हिडिओ टाकून मोकळा! पण त्या गेमनं कित्येक सूचनांना हातच लावलेला नसतो.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती व्हीएफ रजिस्टरची चूक. रजिस्टर म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा ठेवायचा कप्पा; व्ही३, व्हीएफ ही त्यांची नावं. बेरीज २५५ च्या वर गेली की व्हीएफमध्ये १ ठेवायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कधी ठेवायचा? समजा व्ही३ मध्ये २०० आहेत, व्हीएफमध्ये १००, आणि दोन्हींची बेरीज व्ही३ मध्ये टाकायची आहे. आधी फ्लॅग (हातच्याची ती १ ची खूण) लिहिलात की व्हीएफमधले १०० पुसले जातात, तिथं १ येतो आणि उत्तर निघतं २०१. खरं उत्तर ४४, हातचा १. म्हणून बेरीज आधी बाजूला काढा, मग व्ही३ भरा, व्हीएफ सगळ्यात शेवटी. वजाबाकीत उलटं: उसना घ्यावा लागला नाही तर १. दोन्ही आकडे सारखे असले तरीही १.

गेम सुसाट पळतोय? बहुतेक तुम्ही प्रत्येक सूचनेला टायमर (वेळ मोजणारा आकडा) कमी करताय. तो सेकंदाला ६० वेळाच कमी व्हायचा. चित्रं लुकलुकतात ती मात्र चूक नव्हे. एक्सऑरनं (ठिपका पेटलेला असेल तर विझवायचा, नसेल तर पेटवायचा) पुसून पुन्हा काढायची पद्धतच तशी आहे, उगाच दुरुस्त करत बसू नका.

शिफ्टच्या, म्हणजे आकड्याचे बिट एक घर सरकवायच्या, सूचनेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. या सूचनेत एक्स आणि वाय अशी दोन रजिस्टरं सांगितलेली असतात. मूळ कॉस्मॅक व्हीआयपी या आरसीएच्या संगणकावर वाय रजिस्टर सरकवून एक्समध्ये ठेवत; पुढं एचपी-४८ कॅल्क्युलेटरवरच्या आवृत्तीत एक्सच जागच्या जागी सरकवला. गेम दोन्ही प्रकारचे सापडतात, तेव्हा सेटिंग ठेवा.

आता ट्युरिंग मशीन: लांबच लांब टेपवर एकेक चिन्ह वाचत-लिहीत चालणारं कल्पनेतलं यंत्र. त्याची नक्कल करतानाही चुका होतात. बेळगावच्याच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा ऑटोमाटाचा (अशाच यंत्रांच्या अभ्यासाचा) पेपर देऊन आलेली मुलंसुद्धा टेप म्हणून साधी लिस्ट घेतात. पायथॉनमध्ये -१ म्हणजे शेवटचा घटक, त्यामुळं टेप वाचणारं डोकं सुरुवातीच्या घराच्या डावीकडं गेलं तरी एरर येत नाही. टेप गुपचूप गोल होते. डिक्शनरी वापरा, तिथं -१ हे वेगळंच घर राहतं.

‘दहा लाख पायऱ्यांत थांबलं नाही, म्हणजे अनंत लूप’ हा नियमही काढून टाका. बिझी बीव्हर म्हणजे तितक्याच अवस्थांच्या (आणि ०, १ अशा दोनच चिन्हांच्या) ट्युरिंग मशीनांत सगळ्यात जास्त चालून थांबणारं. पाच अवस्थांचं बिझी बीव्हर यंत्र ४,७१,७६,८७० पायऱ्या चालून थांबतं. पाच अवस्थांत याहून जास्त चालून थांबणारं दुसरं नाही, हे २०२४ मध्ये सिद्ध झालं. पण तपासणीला आधी चार अवस्थांचं घ्या: १०७ पायऱ्या, आणि शेवटी टेपवर १३ घरांत १. १०६ आले तर थांबण्याची शेवटची पायरी मोजायची राहिली आहे.