उजनीच्या पाण्यावर वेकसर्फ बोर्ड कसा निवडावा

वेकसर्फ म्हणजे बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर, दोरी सोडून, बोर्डावर उभं राहून जाणं. त्याच्या बोर्डाच्या खोक्यावर एक तक्ता छापलेला असतो. अमुक किलो वजन, तमुक लांबी. बहुतेक जण तेवढं बघून पैसे भरतात, आणि पाण्यात दोरी सोडली की चार सेकंदांत मागे सरकत बुडतात. मग दोष स्वतःच्या पायांना देतात. तक्ता खोटा नसतो, पण तो अशी बोट गृहीत धरून केलेला असतो, जिच्या पोटात हजार-दीड हजार किलो पाणी भरलेलं आहे आणि मागे कमरेएवढी लाट उभी राहते. भीमानगरपासून करमाळ्याच्या बाजूला पसरलेल्या यशवंत सागरावर, म्हणजे उजनी धरणाच्या जलाशयावर, अशी बोट क्वचितच मिळेल. म्हणून सोलापूरकराने क्रम उलटा लावावा: आधी बोट, मग तिची लाट, मग आपलं वजन. रंग आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

परवानगी, बोटीची नोंदणी, मापाचं लाइफ जॅकेट, चालकाखेरीज मागे सतत नजर ठेवणारा एक माणूस, हे सगळं तयार आहे असं धरून पुढे लिहितो.

१. पंखा कुठे आहे ते बघा

वेकसर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवर असतो आणि दोरी सोडून लाटेच्या रेट्यावर चालतो. पुढे तोल गेला तर तो सरळ बोटीच्या मागच्या कडेवर येतो. आउटबोर्ड बोटीचा पंखा नेमका तिथेच, कडेच्या बाहेर फिरत असतो. मागे इंजिनाचा पाय लटकणाऱ्या स्टर्नड्राइव्ह बोटीचंही तेच. अशा बोटीमागे वेकसर्फ करायचं नाही. हळू चालवली तरी नाही, जाळी बसवली तरी नाही, ‘एकदाच’ म्हणूनही नाही.

चालते ती इनबोर्ड बोट, म्हणजे जिचा पंखा बुडाखाली, मागच्या कडेच्या पुष्कळ आत असतो. त्यात व्ही-ड्राइव्ह उत्तम, कारण इंजिन मागे असल्याने मागचा भाग आपोआप खाली बसतो आणि लाट मोठी होते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये इंजिन मधोमध असतं, लाट छोटी पडते, पण काम भागतं. पंखा पुढच्या दिशेला तोंड करून बसवलेली फॉरवर्ड ड्राइव्ह बोटही चालते. जेट बोटीला उघडा पंखा नसतो, त्यामुळे ती चालते. मात्र तिची लाट बहुधा अशक्त असते.

उजनीवरच्या बहुतेक भाड्याच्या बोटी आउटबोर्ड आहेत. तुमच्या हाताशी तेवढीच असेल तर वेकसर्फ बोर्डावर पैसे घालू नका. साठ-सत्तर फूट लांब दोरी धरूनच बोटीमागे ओढत न्यायचे खेळ करा: नीबोर्ड (गुडघ्यांवर बसून) किंवा वेकबोर्ड (पाय बोर्डाला बांधून, उभं राहून). त्यात पंख्यापासून अंतर राहतं. त्यांचे बोर्ड वेगळे आणि निवडीचे नियमही वेगळे.

२. वजनावरून सुरुवातीचं माप

वजन धरताना ओलं लाइफ जॅकेट आणि कपड्यांसकट धरा. पंचावन्न किलोपर्यंत ४ फूट ते ४ फूट ४ इंच. ५५ ते ७० किलोला ४ फूट ८ इंचापर्यंत. ७० ते ८५ ला ५ फुटांपर्यंत. ८५ ते १०० ला ५ फूट ते ५ फूट ४ इंच, आणि त्यापुढे ५ फूट ४ इंचांहून मोठा.

घरात एकच बोर्ड घ्यायचा असेल तर सगळ्यांची सरासरी काढू नका, सर्वांत जड माणसाच्या मापाचा घ्या. हलका माणूस मोठ्या बोर्डावर शिकतो, वळणं थोडी मंद होतात एवढंच. जड माणूस छोट्या बोर्डावर शिकूच शकत नाही. अपवाद चाळीस किलोच्या आतल्या मुलांचा: मोठा बोर्ड टाचेने दाबून उभा करणं त्यांना जमत नाही, त्यांना चार फुटांचाच लागतो.

हे माप अजून कच्चं आहे. खरेदी यावर करू नका.

३. लाट मोजा, मग माप पक्कं करा

इथेच बहुतेक जण फसतात, कारण लाट मोजायची असते हेच कुणी सांगत नाही. विकणारा ‘बोट केवढी?’ एवढंच विचारतो आणि तुम्ही ‘एकवीस फुटी’ म्हणता. त्यावरून काहीच कळत नाही. तीच एकवीस फुटी बोट दोन माणसांनिशी आणि रिकाम्या टाक्यांनिशी निघाली, तर तिची लाट गुडघ्यापर्यंतही येत नाही. सहा माणसं आणि चारशे लिटर पाणी घेऊन निघाली तर मांडीपर्यंत येते. बोर्डाला बोटीची लांबी समजत नाही, त्याला फक्त लाटेचा रेटा समजतो.

मोजणी सकाळी लवकर करा, पाणी सपाट असताना. उन्हाळ्यात दुपारनंतर उजनीवर अचानक वारा सुटतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. आभाळ भरून येत असेल तर बोट काठालाच राहू द्या. खोलीही बघा: खाली तेरा-पंधरा फूट पाणी नसेल तर लाट बसते, आणि बोट खराब आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की फुगवट्याच्या कडेला जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं पाण्याखाली अगदी वर येतात, तेव्हा कडेपासून दूर, जुन्या पात्राच्या बाजूला राहा.

आता बोट नेहमी भराल तशीच भरा. बॅलास्टचा, म्हणजे बोट खाली बसावी म्हणून भरलेल्या पाण्याचा, हिशेब सोपा आहे, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या वजनापलीकडे जायचं नाही, आणि त्या वजनात माणसं, पाणी, सामान सगळं आलं. लाट वळवणारी पट्टी किंवा फळी बसवलेली बोट असेल तर वजन दोन्ही बाजूंना समान ठेवा. तशी सोय नसेल तर ज्या बाजूला सर्फ करायचं, त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात जास्त वजन द्या. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला बोटीची डावी बाजू, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला उजवी. म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. एक गोष्ट हमखास विसरली जाते: सर्फ करणारा पाण्यात उतरला की बोट तेवढ्या किलोंनी हलकी होते. नव्वद किलोचा माणूस उतरला तर त्याला स्वतःलाच सर्वांत छोटी लाट मिळते. म्हणून मोजणीच्या वेळी तुमचं वजन बोटीत धरू नका. एकट्याने मागच्या काठावर उभं राहून बघाल तर आकडा फुगून येईल.

वेग ताशी १७ किलोमीटरवर स्थिर करा आणि मग एकेक किलोमीटरने वाढवत १९ पर्यंत जा. वेग कमी असला की लाट उंच पण आखूड होते. वाढवला की लांब आणि बसकी. दोन्हींच्या मध्ये एक जागा सापडते, जिथे लाटेचा उतार गुळगुळीत काचेसारखा दिसतो आणि फेस मागे ढकलला जातो. तो वेग लिहून ठेवा.

त्या वेगाला रेट्याचा पट्टा मोजायचा, म्हणजे दोरीशिवाय लाट माणसाला पुढे ढकलत राहते तेवढी जागा. वेकसर्फच्या वीस-पंचवीस फुटी दोरीला दर फुटावर रंगीत चिकटपट्टी लावा. ज्याला येतं असा कुणीही, मिळेल त्या मोठ्या बोर्डावर उभा राहील आणि दोरी सैल धरून पुढून मागे सरकेल. दोरीचा ताण जिथे सुटतो तो पट्ट्याचा पुढचा काठ. जिथे पुन्हा ताण बसायला लागतो तो मागचा. मधलं अंतर बोटीतला माणूस चिकटपट्ट्यांवरून मोजतो. सर्फ करणारा कुणीच नसेल तर बोटीच्या मागे पाण्यात उतरायला असते त्या फळीपासून फेस फुटेपर्यंतचा स्वच्छ उतार डोळ्यांनी मोजा आणि त्यातून दोन-तीन फूट वजा करा, कारण फळीला चिकटून कुणी सर्फ करत नाही आणि करूही नये. इंजिनाचा धूर तिथेच साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत बऱ्याचदा काही कळत नाही.

पट्टा आठ फुटांहून लांब असेल तर दुसऱ्या टप्प्यातलं माप तसंच ठेवा. पाच ते आठ फूट असेल तर तीन-चार इंच वाढवा. पाचच्या आत असेल तर आधी वजन वाढवून आणि हलवून बघा. तरीही सुधारत नसेल तर साडेपाच फुटी रुंद बोर्डच घ्या, तुमचं वजन साठ किलो असलं तरी. सत्तर किलोचा माणूस, सहा फुटांचा पट्टा, तर ५ फुटांचा बोर्ड. विकणारा ‘इतका मोठा नको, लवकर शिकाल’ असं म्हणेल. ऐकू नका. छोटा बोर्ड चपळ असतो हे खरं, पण त्या चपळाईसाठी लागणारा रेटा तुमच्या लाटेत नाही.

४. आकार

लाट छोटी असेल तर तीन गोष्टी पक्क्या धरा. शेपटी रुंद आणि चौकोनी. टोकदार शेपटी मोठ्या लाटेत पकड देते, छोट्या लाटेत बुडते. बूड सपाट, केळ्यासारखा वाकलेला बोर्ड वळतो छान पण पाणी ढकलत चालतो, वेग खातो. आणि कडा जाड, गोलसर. पातळ धारदार कडा नवख्याच्या पायाखाली पाण्यात रुतते.

स्किम प्रकारचे पातळ, छोट्या फिनचे (फिन म्हणजे बुडाखालचा माशाच्या परासारखा पंख) बोर्ड दिसायला सुंदर असतात, पण ते गोल फिरण्याच्या करामतींसाठी बनतात. पहिला बोर्ड सर्फ प्रकारचाच घ्या: जाड, तरंगणारा, मोठ्या फिनचा. समुद्रावरचा सर्फबोर्ड कुणी स्वस्तात देत असेल तरी नको. टोकदार नाक आणि धारदार फिन बोटीच्या इतक्या जवळ धोकादायक, आणि त्याची लांबी या लाटेत मावत नाही. पायाला दोरी बांधायची नाही आणि वेकबोर्डसारखे बूटही नकोत. पडलात तर बोर्ड तुमच्यापासून सुटायलाच हवा.

फिन काढता-घालता येणारे हवेत. स्क्रू आणि किल्ली जादा मागवा, आणि प्रत्येक दिवशी पाण्यात उतरण्याआधी स्क्रू घट्ट आहेत ना ते बघा. उजनीच्या गढूळ, उन्हाळ्यात शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात पडलेला फिन परत मिळत नाही.

५. सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. बहुतेक बोर्डांच्या पोटात ईपीएस असतं, म्हणजे आपला थर्माकोलच. तो तापला की आतली हवा फुगते आणि वरचं फायबरचं कवच सुटून फोड येतात. एकदा सुटलेलं कवच पुन्हा नीट बसत नाही. म्हणून बोर्ड पांढरा किंवा फिक्या रंगाचा घ्या. काळा बोर्ड इथे एक उन्हाळा काढणार नाही. गाडीच्या टपावर नेताना जाड सोलापुरी चादर गुंडाळा. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, ती आत वाफ कोंडते. हवा सोडणारा छोटा व्हेंट असेल तर तो बंद करून टाकू नका.

पाय घट्ट राहावेत म्हणून लावायचं मेण या उन्हात वितळून चिकटा होतो. पूर्ण फोमची गादी चिकटवलेला बोर्डच घ्या, शेपटीला उंचवटा असलेला.

हलका महागडा हाताने बनवलेला बोर्ड की साच्यात दाबून बनवलेला जड बोर्ड? साच्यातला घ्या. खडकाळ काठ आणि रस्त्यावरचे धक्के तोच सोसतो. तडा गेलाच तर दुरुस्तीला फक्त इपॉक्सी वापरा. फायबरच्या कामाला सगळीकडे मिळणारं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागलं की तो विरघळतो, आणि बोटभर तड्याच्या जागी मुठीएवढा खड्डा पडतो. तडा भरण्याआधी बोर्ड सावलीत दोन-तीन दिवस उभा करून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या.

६. पाण्यात पारख

विकत घेण्याआधी एखाद्याचा बोर्ड मागून एक फेरी करता आली तर सोन्याहून पिवळं. दोरी सोडल्यावर मागे सरकत असाल तर लगेच बोर्डाला नावं ठेवू नका. आधी दोन्ही पाय दोन इंच पुढे घ्या. मग मधला मोठा फिन काढून छोटा घाला, पाण्याचा अडथळा कमी होतो. मग वेग अर्धा किलोमीटर बदला. या तिन्हींनंतरही सरकत असाल तर बोर्ड लहान आहे. नाक पाण्यात घुसत असेल तर पाय मागे घ्या. तरीही घुसत असेल तर तुमच्या आखूड, उभ्या लाटेला बूड जरा जास्तच सपाट पडलंय, नाक थोडं उचललेला बोर्ड बघा. शेपटी बाजूला निसटत असेल तर मोठे फिन लावा. आणि सगळं ठीक असूनही बोर्ड वळताना दार ढकलल्यासारखा जड वाटत असेल, तर तो मोठा आहे. पहिल्या हंगामात तो मोठाच राहू द्या, आणि बोटीत आणखी दोनशे लिटर पाणी भरायची सोय झाली की मग तीन इंच लहान घ्या.