भातकापणी आणि लाल विंचू: कडपा उचलण्याआधी, चावल्यानंतर

कोकणात ऑक्टोबरची कापणी सुरू झाली की विंचू चावण्याचे प्रकार वाढतात. कापलेले कडपे रात्रभर शेतात वाळत पडतात, विंचू त्यांच्या खाली शिरतो आणि सकाळी भारा बांधताना हात नेमका त्याच्यावर पडतो. म्हणून कडपा आधी विळ्याच्या टोकाने उलटा करा, खाली बघा, मगच हात घाला. गडग्याचे दगड, उडवीच्या तळाचा पेंढा, सरपणाचा ढीग यांनाही हाच नियम. खळ्यावर काम करताना पायात गमबूट हवेत. ते घालण्यापूर्वी उलटे करून झटका.

रात्री खळे तपासायला नोटा पारखण्याची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, जांभ्याच्या फटीतून नुसती नांगी बाहेर असली तरी दिसते.

लाल विंचू बोटाएवढा, तांबूस, चिमटे बारीक आणि शेपूट जाड. मोठ्या काळ्या इंगळीचे चिमटे जाडजूड असतात. तिचा डंख दुखतो, पण विष सौम्य. तरीही ओळख पटवत बसू नका.

लाल विंचवाच्या विषात बारीक प्रथिने असतात. मज्जातंतूने एक संदेश दिला की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी शांत होते. विषातली काही प्रथिने ही पोटॅशियमची वाट बुजवतात. याच विंचवातून मिळालेले, 37 अमिनो आम्लांचे इबेरिओटॉक्सिन त्यांपैकीच. दुसरी काही प्रथिने सोडियमची वाट उघडीच ठेवतात. मज्जातंतू थांबतच नाहीत, अॅड्रेनॅलिनसारखी रसायने रक्तात लोटतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि सगळा भार हृदयावर येतो.

म्हणूनच नुसत्या वेदनेवरून अंदाज बांधू नका. डंखाच्या जागी असह्य कळ आहे, पण बाकी काही नाही, असा रोगी बहुधा सुखरूप राहतो. खरा धोका वेगळा दिसतो: उलट्या, कपडे भिजतील इतका घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता. त्यापुढे धाप आणि गुलाबी फेस आला तर फुप्फुसात पाणी भरले आहे. मुलांची प्रकृती काही तासांतच ढासळते.

आवळून बांधू नका, चिरू नका, मंत्र-जडीबुटीत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, रोग्याला आडवे ठेवूनच न्या. डंखाची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. सापाच्या विषावरचे इंजेक्शन इथे चालत नाही. विंचवासाठी वेगळे प्रतिविष मिळते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपचार रुजवला. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. गोळी डॉक्टरांच्याच देखरेखीखाली द्यायची, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळीनंतर मूल रडले तरी उभे करून कडेवर घेऊ नका, झोपवूनच ठेवा.

कापणीला विळा लावण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: प्राझोसिन आहे का, विंचवाचे प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर कोण असतात. नसेल तर त्यापुढचे रुग्णालय कोणते, तेही आजच विचारून घ्या.